नाव नसलेले पत्र

माझ्या वडिलांच्या लोखंडी कपाटात सुतळीने बांधलेली एक खाकी फाइल होती. वडील गेल्यानंतर कपाट आवरताना ती हाती लागली, तेव्हा तिच्यात जुन्या कामांची देयके असतील असे मला वाटले होते. प्रत्यक्षात तिच्यात सिमेंटची परमिटे होती. एखाद्याच्या घरासाठी पन्नास पोती, एखाद्या गोदामासाठी दोनशे पोती असे आकडे शाईने लिहिलेले, खाली गोल शिक्के आणि कोपऱ्यात वडिलांच्या अक्षरात किती खेपा घातल्या याची नोंद. त्या काळी सरकारी कामाला सिमेंट बहुधा खातेच पुरवीत असे आणि निविदेच्या ‘शेड्यूल ए’मध्ये त्याचा दर लिहिलेला असे, पण खाजगी घर बांधायचे म्हटले की परमिटासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. त्या परमिटांच्या तळाशी चक्रमुद्रित कागदांचा एक गठ्ठा होता. ती बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेची परिपत्रके होती. सिमेंटच्या वाटपाबद्दल सरकारला कोणते निवेदन दिले, काय उत्तर आले आणि पुढची बैठक कधी, एवढाच मजकूर. वडिलांनी ती पंधरा वर्षे जपून ठेवली होती, आणि मी मात्र या संघटनेकडे वर्गणीची पावती आणि वार्षिक स्नेहभोजन यांपलीकडे कधी पाहिले नव्हते.

बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही ती संघटना. १९४१ साली, दुसरे महायुद्ध चालू असताना ती स्थापन झाली. तिच्या नावात ‘बिल्डर’ हा शब्द असला, तरी आज आपण सदनिका विकणाऱ्याला बिल्डर म्हणतो त्या अर्थाने तो घेऊ नये. रस्ता, पूल, धरणाची भिंत, शाळेची खोली, पाण्याची टाकी दुसऱ्यासाठी बांधून देणारा ठेकेदार हा तिचा मूळचा सभासद. सदनिका बांधून विकणाऱ्यांची क्रेडाई १९९९ साली वेगळी निघाली, आणि मोठ्या पायाभूत कामांच्या कंपन्यांनीही आपले वेगळे महासंघ उभे केले. जुन्या संघटनेचे बळ मात्र जिल्ह्याजिल्ह्यांतल्या केंद्रांमध्ये आहे, जिथे दोन मिक्सर आणि एक टिपर बाळगणारा माणूसही शेजारच्या खुर्चीवर बसलेला असतो.

या माणसाची अडचण बाहेरच्यांना सहसा कळत नाही. आमच्याकडे त्याला ठेकेदार किंवा मक्तेदार म्हणतात, मराठवाड्यात गुत्तेदार म्हणतात, आणि तिन्ही शब्दांबरोबर थोडा संशय चिकटूनच येतो. तो संशय सर्वस्वी निराधार आहे असे मी म्हणणार नाही. निकृष्ट कामे झालेली आहेत, ती करणारे आमच्यातलेच होते आणि त्याची लाज आम्हालाच वाटायला हवी. पण ज्याने प्रामाणिकपणे काम केले, त्याचीही एक कोंडी असते. त्याचे गिऱ्हाईक बहुतेक वेळा एकच असते, ते म्हणजे सरकारी खाते. त्या खात्याने कामाची मोजणी करायची, मोजमाप पुस्तिकेत ती लिहायची, चालू देयक मंजूर करायचे, सुरक्षा अनामत अडकवून ठेवायची आणि पुढची निविदाही त्यानेच काढायची. असा माणूस खात्याविरुद्ध तक्रार कोणत्या तोंडाने करणार? दुसऱ्या बाजूला सिमेंट आणि सळई देणारा पुरवठादार असतो, ज्याच्याकडे त्याची उधारी असते. त्याच्याशीही भांडण परवडत नाही. ज्यांच्याबद्दल तक्रार करायची, त्यांच्याच हाती त्याची पुढच्या महिन्याची भाकरी असते.

मला हे २००८ साली उमगले. एका शासकीय कार्यालयाचे लहान पुलाचे काम मी दरसूचीपेक्षा आठ टक्के कमी दराने घेतले होते. ‘आठ टक्के बिलो’ हे शब्द तेव्हा मी अभिमानाने उच्चारीत असे. त्या वर्षीच्या पहिल्या सहा महिन्यांत लोखंडाचे भाव असे चढले की, पायाचे काम संपेपर्यंत माझा सगळा हिशेब कोलमडला. कामाची मुदत वर्षाच्या आतली असल्यामुळे भाववाढीचे कलम करारात नव्हते. तरीही काम पूर्ण केले, कारण अर्धवट सोडले तर अनामत जप्त होते आणि काळ्या यादीत नाव जाते. काम झाल्यावर अंतिम देयक अडकले. ‘निधी आला की बघू,’ हे उत्तर मी सात महिने ऐकले. मार्चअखेर आली आणि गेली. घरचे सोने गहाण पडले, आणि मुकादमाची उचल देण्यासाठी मी बहिणीच्या दीरांकडून पैसे घेतले. हे वाक्य मी आजवर कुठे लिहिले नव्हते.

एका ज्येष्ठ सभासदांच्या आग्रहावरून मी केंद्राच्या बैठकीला गेलो. गेल्यावर कळले की त्या खोलीतल्या अकरा जणांची देयके त्याच कार्यालयात अडकलेली आहेत. आम्ही अकराही जण एकमेकांना ओळखत होतो, एकमेकांच्या कामांवरून जात-येत होतो आणि यातले काहीच एकमेकांशी बोललो नव्हतो. अडकलेल्या देयकाची गोष्ट आपण आजारासारखी लपवतो, कारण ती बाजारात पसरली की खडी-सिमेंटवाला उधारी थांबवतो. त्या दिवशी सचिवांनी एक पत्र तयार केले. त्यात कोणाचे नाव नव्हते, कोणत्या कामाचा क्रमांक नव्हता. अमुक कार्यालयाकडे सभासदांची एकूण इतकी रक्कम इतक्या महिन्यांपासून प्रलंबित आहे, उपलब्ध निधी सर्वांना देयकांच्या प्रमाणात आणि प्रलंबित कालावधीच्या क्रमाने वाटावा, एवढीच विनंती होती. खाली संघटनेचा शिक्का होता. पत्र गेल्यानंतर त्या कार्यालयातील एका अधिकाऱ्यांनी मला सांगितले, ‘बरे झाले तुमच्या संघटनेचे पत्र आले. एकट्याचे आधी काढले असते तर बाकीच्यांनी आम्हाला धरले असते.’ पुढच्या चार महिन्यांत हप्त्याहप्त्याने सर्वांची रक्कम मिळाली. अधिकाऱ्यालाही त्या पत्राची गरज होती, ही गोष्ट माझ्या मनात कायमची बसली.

तेव्हापासून मी वडिलांची फाइल वेगळ्या नजरेने वाचू लागलो. परिपत्रकांची तारीखवार मांडणी केल्यावर १९८९ च्या मार्च महिन्यावर बोट थांबले. सिमेंटवरचे नियंत्रण १९८२ च्या फेब्रुवारीत अंशतः उठले होते, आणि १ मार्च १९८९ रोजी ते पूर्णपणे संपले. वडिलांची परमिटे त्या दिवशी रद्दी झाली. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्याचा निकाल दिला, ज्याच्या शीर्षकातच या संघटनेचे नाव आहे: बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया विरुद्ध भारत सरकार.

त्या खटल्यातला प्रश्न मला फार सुंदर वाटतो. मी तुमच्या जागेवर भिंत बांधली, तर मी तुम्हाला विटा विकल्या का? १९५८ साली गॅनन डंकर्ली या कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की नाही. बांधकामाचा करार हा एकसंध करार आहे, त्यातून मालाची विक्री वेगळी काढता येत नाही, म्हणून राज्याला त्यावर विक्रीकर लावता येत नाही. पुढे १९८२ साली शेहेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने संविधानाच्या अनुच्छेद ३६६ मध्ये भर घालून, बांधकामात वापरलेल्या मालाचे हस्तांतरण ही विक्रीच मानावी असे ठरवले. राज्यांनी कर लावायला सुरुवात केली, आणि काही ठिकाणी तो माल, मजुरी, नफा असा भेद न करता लावू लागली. संघटनेने या दुरुस्तीला आव्हान दिले. १९८९ च्या निकालात दुरुस्ती वैध ठरली, म्हणजे वरकरणी संघटना हरली. पण त्याच निकालात न्यायालयाने हेही स्पष्ट केले की, मालाच्या इतर विक्रीवर कर लावताना राज्यांवर जी घटनात्मक बंधने आहेत, ती सर्व इथेही लागू राहतील. १९९२ साली गॅनन डंकर्लीच्याच दुसऱ्या खटल्यात मजुरी आणि सेवांचा खर्च वजा करूनच कर आकारता येईल हे पक्के झाले. गवंड्याच्या घामावर विक्रीकर लागू नये, एवढी साधी गोष्ट ठरायला चौतीस वर्षे लागली. कराडचा किंवा लातूरचा एखादा ठेकेदार हा प्रश्न घेऊन दिल्लीला जाऊ शकला नसता. वकिलाची एका तारखेची फी त्याच्या वर्षाच्या नफ्याहून अधिक झाली असती.

कराचे काम तिथे संपले नाही. वस्तू व सेवा कर २०१७ च्या जुलैत आला, तेव्हा सरकारी बांधकामावरचा दर आधी १८ टक्के होता, ऑगस्टमध्ये तो बहुतेक कामांसाठी १२ टक्के झाला, आणि १८ जुलै २०२२ पासून पुन्हा १८ टक्के झाला. निविदा भरताना एक दर, देयक काढताना दुसरा दर, आणि मधला फरक कोणी सोसायचा याबद्दल करारात मौन! अशा वेळी प्रत्येक खात्याने परिपत्रक काढावे म्हणून पाठपुरावा करणे हे अत्यंत कंटाळवाणे काम असते. त्याची बातमी होत नाही. ते करणारी माणसे स्वतःचा धंदा सोडून गाडीने मुंबईला जातात, मंत्रालयात पास काढून दिवसभर बाकावर बसतात आणि रात्री परत येतात. अशा तीन-चार सभासदांना मी जवळून ओळखतो, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

सिमेंटची गोष्ट मात्र याहून मोठी आहे. परमिट गेले, बाजार मोकळा झाला, आणि वीस वर्षांनी आम्हाला दिसू लागले की वेगवेगळ्या कंपन्यांच्या पोत्यांचे भाव एकाच सुमारास, जवळपास सारख्याच रकमेने चढतात. पावसाळ्यात बांधकाम मंदावते, मागणी घटते, तरी भाव खाली येत नाही. प्रत्येक ठेकेदार हे दुकानाच्या कट्ट्यावर बोलत होता. २०१० साली संघटनेने भारतीय स्पर्धा आयोगाकडे रीतसर तक्रार दाखल केली, ती सिमेंट कंपन्यांविरुद्ध आणि त्यांच्या सिमेंट मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन या संघटनेविरुद्ध होती. २० जून २०१२ रोजी आयोगाने दहा कंपन्यांना मिळून सहा हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. पुरावा म्हणून आयोगाने भाव, उत्पादन आणि रवानगी यांतले साम्य पाहिले, कारखान्यांची क्षमता पुरेशी न वापरली जाणे पाहिले, आणि आणखी एक गोष्ट पाहिली जी मला त्या आदेशातली सर्वांत महत्त्वाची वाटते: सिमेंट कंपन्यांच्या संघटनेच्या बैठका. सिमेंट उत्पादकांची संघटना सभासदांकडून किमतींची माहिती गोळा करीत होती. तिने ते काम थांबवावे आणि किमतींपासून दूर राहावे, असे आयोगाने बजावले.

पुढे २०१५ च्या डिसेंबरमध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तो आदेश प्रक्रियेतल्या दोषामुळे रद्द केला, कारण सुनावणीला हजर नसलेल्या अध्यक्षांची त्यावर सही होती. फेरसुनावणी होऊन ३१ ऑगस्ट २०१६ रोजी आयोगाने पुन्हा तसाच आदेश दिला. (त्याच दिवशी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने निर्णय घेतला होता की, लवादाचा निवाडा ठेकेदाराच्या बाजूने झाला आणि सरकारी संस्था अपिलात गेली, तर बँक हमीवर त्याला ७५ टक्के रक्कम द्यावी. आमच्या व्यवसायासाठी असा दिवस क्वचित उगवतो.) २५ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा अपिलीय न्यायाधिकरणाने आयोगाचा आदेश कायम ठेवला, आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांची अपिले दाखल करून घेतली. तक्रारीपासून मोजले तर तिथपर्यंतच आठ वर्षे झाली. इतका काळ एखादा माणूस एका खटल्यामागे उभा राहू शकत नाही. पदाधिकारी बदलतात, काही दिवंगत होतात, पण अर्जदाराच्या रकान्यातले नाव तेच राहते, म्हणूनच असे खटले चालू शकतात.

त्या आदेशाने मला अस्वस्थही केले. एका व्यवसायाच्या संघटनेने दुसऱ्या व्यवसायाच्या संघटनेची बैठक हाच पुरावा म्हणून पुढे आणला होता. मग आमची बैठक काय होती? तीच माणसे, तेच टेबल, तोच चहा. ज्या खोलीत अकरा जण अडकलेल्या देयकांबद्दल बोलू शकतात, त्याच खोलीत ते पुढची निविदा कोणी भरायची हेही ठरवू शकतात. आमच्या भाषेत त्याला ‘रिंग’ म्हणतात, आणि हा शब्द आमच्यापैकी कोणाला शिकवावा लागत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या बैठकीत एका सभासदाने सुचवले की, स्पर्धेत पंचवीस टक्के ‘बिलो’ भरून सगळेच बुडत आहेत, तेव्हा तालुके वाटून घ्यावेत. त्याचे दुःख खरे होते. मी स्वतः त्याच दुःखातून गेलो होतो, आणि क्षणभर मलाही ते बोलणे रास्त वाटले. अध्यक्षांनी त्याला थांबवले, इतिवृत्त लिहिणाऱ्याला लेखणी खाली ठेवू न देता स्पष्ट सांगितले की हा विषय या खोलीत निघणार नाही, आणि निघाला तर ते स्वतः उठून जातील. काही जण नाराज झाले. दोघांनी पुढच्या वर्षीची वर्गणी भरली नाही.

मी त्या प्रसंगाचा पुष्कळ विचार केला आहे. कमी दराच्या निविदांवर उपाय आहे, पण तो उघड मागायचा असतो: दरसूची वेळेवर सुधारावी, अवास्तव कमी दराला जादा अनामत घ्यावी, लहान कामांतही भाववाढीचे कलम असावे, देयकाला विलंब झाला तर व्याज मिळावे. यातली प्रत्येक मागणी पत्रावर लिहून मंत्रालयात देता येते, वर्तमानपत्रात छापता येते. तालुके वाटून घेण्याची गोष्ट कागदावर लिहिता येत नाही. जे इतिवृत्तात लिहिता येत नाही ते संघटनेचे काम नाही, ही रेघ मी माझ्यापुरती आखून घेतली आहे.

इतिवृत्तांबद्दल बोलतोच आहे, तर त्यांच्यात जे नाही त्याबद्दलही लिहिले पाहिजे. गेल्या वीस वर्षांची आमच्या केंद्राची इतिवृत्ते मी चाळली. वाळूचे लिलाव, खडीची स्वामित्वशुल्के, देयके, कर, अनामत, टाळेबंदीच्या काळातली मुदतवाढ, सगळे तिथे आहे. २०२० च्या मे महिन्यात केंद्र सरकारने आपल्या खात्यांच्या कामांना सहा महिन्यांपर्यंत मुदतवाढ जाहीर केली आणि नोव्हेंबरमध्ये कामगिरीची हमी म्हणून ठेवायची अनामत तीन टक्क्यांवर आणली, तेव्हा त्या मागण्यांची पत्रे आम्हीही पाठवली होती. पण त्या टाळेबंदीत माझ्या साइटवरचे गवंडी विजापूरच्या बाजूला पायी निघाले, त्याबद्दल आमच्या इतिवृत्तात दोनच ओळी आहेत, आणि त्या धान्यवाटपाच्या आहेत.

बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली संसदेने दोन कायदे केले. एक त्यांच्या नोकरीच्या आणि सुरक्षिततेच्या अटींचा, दुसरा उपकराचा. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घ्यायचा आणि तो राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडे जमा करून त्यातून नोंदणीकृत कामगारांना मदत द्यायची, अशी ही रचना आहे. ठेकेदारांनी या उपकराला न्यायालयात विरोध केला, आणि २०११ साली दिवाणचंद बिल्डर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. आज माझ्या प्रत्येक देयकातून तो एक टक्का कापला जातो, आणि देयकाच्या कागदावर मला तो दिसतो. ज्यांच्यासाठी तो कापला जातो ते मात्र मला अनेक वर्षे त्या कागदापाठीमागे दिसले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी एका शाळेच्या स्लॅबच्या आदल्या दिवशी सेंटरिंग तपासत असताना आमचा जुना गवंडी माझ्याजवळ आला. ‘साहेब, ते मंडळाचं कार्ड काढायचं म्हणतात पोरं. नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो म्हणे. त्याला तुमची सही चालते का?’ मी त्याला विचारले की आजवर कधी काढले नाहीस का. तो म्हणाला, ‘कोण देतंय सही? एका ठेकेदाराकडं दोन महिने, दुसऱ्याकडं तीन. जो तो म्हणतो, मागच्याकडून घे.’ माझ्याकडे तो सतरा वर्षे येत-जात होता. मी त्याला उचल दिली होती, दवाखान्याला पैसे दिले होते, त्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो, आणि वर्षातून नव्वद दिवसांचा तो एक कागद मी त्याला कधी दिला नव्हता, कारण तो त्याने मागितला नव्हता आणि मला तो सुचला नव्हता. त्याचे वय तेव्हा अठ्ठावन्न होते. नोंदणी साठीपर्यंतच होते.

त्याचीही कोंडी माझ्यासारखीच होती. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची, त्याच्याच हाती त्याची हजेरी होती. मला एकट्याने बोलता येत नव्हते तेव्हा माझ्यामागे शिक्का असलेले पत्र उभे राहिले. त्याच्यामागे मी उभे राहायला हवे होते, आणि ज्या संघटनेने मला ते शिकवले तिनेही. बांधकाम कंपन्यांच्या संघटनेने कामगारांची संघटना व्हावे असे माझे म्हणणे नाही. दोघांचे हित अनेकदा वेगळे असते आणि मजुरीच्या दरावर आम्ही टेबलाच्या दोन बाजूंनाच बसणार. पण जो पैसा आमच्याच देयकातून कापला जातो, तो ज्याच्यासाठी कापला जातो त्या कामगारापर्यंत पोहोचतो की नाही हे पाहणे आमच्या कामाबाहेरचे कसे ठरेल? दाखला देणारे हात आमचे आहेत. हजेरीपट आमच्याकडे आहेत. एक गवंडी चार ठेकेदारांकडे मिळून नव्वद दिवस भरतो, तेव्हा त्या चौघांना एकत्र आणू शकेल अशी जागा आमच्या केंद्राखेरीज तालुक्यात दुसरी नाही.

हे सगळे मी गेल्या बैठकीत मांडले. एका तरुण सभासदाने विचारले की दाखला दिल्यावर उद्या काही जबाबदारी अंगावर आली तर काय करायचे. प्रश्न योग्य होता, आणि त्यावर तासभर चर्चा झाली. शेवटी ठरले की केंद्राने सभासदांचे हजेरीपट एकत्र करून ज्यांचे नव्वद दिवस भरतात त्यांची यादी काढावी, प्रत्येक सभासदाने आपल्या हजेरीपुरतीच सही करावी, आणि हीच पद्धत सर्व केंद्रांनी स्वीकारावी अशी सूचना मुंबईच्या मुख्य कार्यालयाकडे पाठवावी. पत्राचा मसुदा माझ्याकडे आला आहे आणि तो या टेबलावर वडिलांच्या फाइलीशेजारी पडला आहे. आमच्या केंद्राची आजवरची पत्रे कोणाचेही नाव न घेता जात आली. या पत्राला मात्र सोबत यादी जोडायची आहे: नाव, गाव, वय, काम आणि भरलेले दिवस. एक्केचाळीस नावे झाली आहेत, आणि दोन सभासदांचे हजेरीपट अजून यायचे आहेत.